बूट आहेत म्हणून बर्फात घुसायचं का? छोट्या कार्गो विमानाच्या नव्या पायलटला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मी नुकताच छोट्या कार्गो ऑपरेटरकडे सिंगल इंजिन टर्बोप्रॉपवर लागलोय, विमान नोन आयसिंगसाठी (म्हणजे बर्फ धरणाऱ्या ढगांतून उडायला) सर्टिफाइड आहे, बूट (पंखाच्या पुढच्या कडेवरचं फुगणारं रबर), प्रॉप हीट (पंख्याच्या पात्यांना ऊब) सगळं आहे. सर, प्रत्यक्षात किती बर्फ चालतो आणि नियम नेमके काय म्हणतात?"

मित्रा, जमिनीवर शून्य. हवेत, बाहेर पडेपर्यंत जेवढा विमान सोसेल तेवढा, आणि बाहेर कुठून पडायचं ते टेकऑफच्या आधी ठरलेलं पाहिजे. आता सविस्तर सांगतो कारण या दोन वाक्यांच्या मध्येच सगळी गडबड होते. मी बरीच वर्षं रात्रीच्या कार्गोवर काढलीत, बहुतेक सेसना कॅरव्हॅनवर (एक इंजिनाचं छोटं टर्बोप्रॉप), म्हणून उदाहरणं तिचीच देतो. तुझं विमान वेगळं असेल तर आकडे तुझ्या फ्लाइट मॅन्युअलमधूनच घे, माझे वापरू नको.

आधी "सर्टिफाइड" या शब्दाचं बघू, कारण नव्या पोरांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. नोन आयसिंगचं सर्टिफिकेशन ज्या ढगांवर बेतलंय त्याला अपेंडिक्स सी म्हणतात. त्यात पसरट, थरांच्या ढगांसाठी थेंबांचा आकार १५ ते ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरलाय आणि ढगाची लांबी सुमारे साडेसतरा नॉटिकल मैल. उभ्या वाढणाऱ्या ढगांसाठी थेंब ५० मायक्रॉनपर्यंत, पण लांबी जेमतेम अडीच-पावणेतीन मैल. माणसाचा केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे थेंब केसाहूनही बारीक. फ्रीझिंग ड्रिझलचे (शून्याखाली गारठलेल्या रिमझिमीचे) थेंब याच्या कितीतरी पट मोठे, काही वेळा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. तुझं विमान त्यात कधी टेस्टच झालेलं नाही. मोठ्या थेंबांसाठी अपेंडिक्स ओ नावाचा वेगळा नियम अमेरिकेत २०१४ साली आला, तोही मोठ्या विमानांच्या नव्या डिझाइनसाठी. म्हणजे कागदावर "नोन आयसिंग" लिहिलेलं असलं तरी फ्रीझिंग रेन आणि फ्रीझिंग ड्रिझल त्यात येत नाही, एवढं पक्कं डोक्यात बसव.

मोठे थेंब काय करतात ते १९९४ च्या ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत इंडियानातल्या रोझलॉनला दिसलं. एटीआर ७२ हे प्रवासी विमान होल्डिंगमध्ये होतं (परवानगीची वाट बघत घिरट्या घालत), फ्लॅप (पंखामागच्या झडपा) १५ वर, ऑटोपायलट लावलेला, बूट चालू. मोठा थेंब आदळला की लगेच गोठत नाही, मागे वाहत जातो आणि बूट जिथे संपतो त्याच्या मागे गोठतो, तिथे बर्फाचा एक उंचवटा तयार होतो. बूट कितीही फुगला तरी तो निघणार कसा, तिथे बूटच नाही! फ्लॅप आत घेतल्यावर एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखावरची झडप) पुढची हवा सुटली, एलेरॉन आपोआप एका बाजूला ओढला गेला, विमान पालथं झालं आणि ६८ माणसं गेली. त्यानंतर १९९६ मध्ये बूटवाल्या बऱ्याच विमानांना सांगितलं गेलं की बाजूच्या खिडकीवर बर्फ धरायला लागला, किंवा नेहमी जिथे बर्फ नसतो तिथे दिसला, तर ऑटोपायलट काढा आणि बाहेर पडा, फ्लॅप लावून होल्ड करू नका, आणि फ्लॅप आधीच बाहेर असतील तर विमान साफ होईपर्यंत आत घेऊ नका. ही खिडकीवरची खूण मी आजही पहिली बघतो, कारण रात्रीसुद्धा ती मान वळवली की दिसते.

आता जमिनीवरचं. अमेरिकेतल्या पार्ट १३५ मध्ये (छोट्या भाड्याच्या विमानसेवांचे नियम) २२७ नंबरचा नियम आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की पंख, प्रॉप, विंडशील्ड, शेपटी, कंट्रोल सरफेस, इंजिनचा इन्लेट, पिटो (वेग मोजणारी नळी) वगैरेला बर्फ किंवा फ्रॉस्ट (हिमाचा पातळ थर) चिकटलेला असेल तर टेकऑफ करायचा नाही. आधी यात एक पळवाट होती, पंखावरचा फ्रॉस्ट घासून गुळगुळीत केला तर चालायचं, त्याला पॉलिश्ड फ्रॉस्ट म्हणायचे. ती पळवाट २०१० च्या जानेवारी अखेरीस बंद झाली, आणि बरं झालं, कारण गुळगुळीत आहे हे ठरवणार कोण, तर ज्याला निघायची घाई आहे तोच.

थोड्याशा फ्रॉस्टने काय होतंय असं वाटत असेल तर हा आकडा लक्षात ठेव: सँडपेपरसारखा खरखरीत थर पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या बाजूवर असेल तर लिफ्ट (पंखाची उचल) ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते आणि ड्रॅग (हवेचा विरोध) ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. आणि विमान वजनदार होतं म्हणून पडत नाही बरं का, फ्रॉस्टचं वजन नगण्य असतं, पंखाचा आकार बिघडतो आणि स्टॉल (पंखाची उचल एकदम सुटणं) लवकर येतो. स्टॉल वॉर्निंग स्वच्छ पंखासाठी सेट केलेली असते, त्यामुळे हॉर्न वाजायच्या आधीच पंख सोडून देतो.

कॅरव्हॅनचं दुखणं असं की पंख उंच आहे. खाली उभं राहून बघितलं तर पंखाची खालची बाजू दिसते, वरची नाही, आणि बर्फ वरच असतो. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्कात डिलिंगहॅमला कॅरव्हॅन टेकऑफनंतर लगेच कोसळली, १० जण गेले, एनटीएसबीचा (अमेरिकेची अपघात तपास संस्था) निष्कर्ष होता की पंखाच्या वरच्या बाजूचा बर्फ प्रीफ्लाइटमध्ये पायलटच्या लक्षात आला नाही. अशा अपघातांनंतर २००५ मध्ये कॅरव्हॅनसाठी सक्तीचा नियम आला की नुसतं बघायचं नाही, हाताने चाचपायचं. तापमान १० अंशांच्या खाली असेल, किंवा पंखातलं इंधन शून्याच्या वर आहे हे सांगता येत नसेल, आणि सोबत पाऊस, बर्फ, धुकं असं काही असेल किंवा पंखावर पाणी असेल किंवा तापमान आणि ड्यू पॉइंट (दवबिंदू) यांत ३ अंश किंवा त्याहून कमी फरक असेल, तर शिडी लावून पुढची कड आणि वरची बाजू हाताने तपासायची. १० अंश वाचून लोकांना हसू येतं, एवढ्या उबदार हवेत कुठला बर्फ? पण वरून गारठून आलेलं इंधन टाकीत तसंच थंड असतं आणि त्याच्या वरच्या पत्र्यावर पातळ, पारदर्शक बर्फ धरतो, जो डोळ्याला नुसता ओला पत्रा वाटतो. हातमोजा काढ आणि उघड्या बोटांनी बघ. मी एकदा रात्री टॉर्च मारून "ओलं आहे फक्त" म्हणून शिडी परत ठेवायला निघालो होतो, मग काय वाटलं कोणास ठाऊक, परत चढलो, हात लावला तर काचेसारखं गुळगुळीत, नखाने खरवडल्यावर कळलं. त्या रात्री पाऊण तास उशीर झाला, ऑपरेशन्सवाल्यांनी ऐकवलं, ऐकून घेतलं.

डी-आयसिंग फ्लुइडबद्दल एकच गोष्ट नीट समजून घे. टाइप १ नारिंगी, पातळ, बर्फ काढतो पण पुन्हा धरू न देण्याची ताकद थोडाच वेळ टिकते. टाइप ४ हिरवा, दाट, जास्त वेळ टिकतो, पण तो पंखावरून वाऱ्याने वाहून जायला वेग लागतो, साधारण १०० नॉट्सच्या वर रोटेट करणाऱ्या (धावपट्टीवर नाक उचलणाऱ्या) विमानांसाठी तो बनवलाय. आपली विमानं त्याच्या बऱ्याच खाली उचलतात. म्हणून "मोठ्या विमानाला मारलं तेच मला मारा" असं रॅम्पवर सांगू नको, मॅन्युअलमध्ये कुठला टाइप आणि त्यासोबत कुठला फ्लॅप आणि वेग लिहिलाय ते आधी वाच. आणि होल्डओव्हर टेबल (फ्लुइड किती वेळ टिकेल ते सांगणारा तक्ता) म्हणजे गॅरंटी नाही, फ्रीझिंग रेन जोरात असेल तर त्या टेबलात वेळच दिलेला नसतो. हळू पडणारा हलका बर्फ असेल तरी टेबलाची वेळ संपत आली की परत जाऊन बघायचं.

वजनाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त सांगायचाय, कारण कार्गोत तोच सगळ्यात जास्त दाबला जातो. कॅरव्हॅनच्या २०८बी मॉडेलचं नेहमीचं कमाल टेकऑफ वजन ८,७५० पाउंड, पण नोन आयसिंगसाठी ८,५५० पाउंड. ही २०० पाउंडांची ओळ मॅन्युअलच्या सप्लिमेंटमध्ये असते आणि लोडशीट बनवणाऱ्याला बरेचदा ती माहितीच नसते. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडात विनिपेगहून एक कार्गो कॅरव्हॅन पहाटे निघाली, एकटा पायलट, काही मिनिटांतच बर्फामुळे परत यायची परवानगी मागितली, धावपट्टीपर्यंत पोहोचली नाही. तपासात निघालं की विमान दोन्ही मर्यादांच्या वर वजनाचं होतं, साधी पण आणि आयसिंगची पण. त्याआधी २००४ च्या जानेवारीत कॅनडातच पेली आयलंडला १० जण गेले, तिथे पंखावर बर्फ होता आणि वजन मर्यादेपेक्षा किमान १,२७० पाउंड जास्त. २०२५ च्या फेब्रुवारीत अलास्कात नोमकडे निघालेली कॅरव्हॅन गेली, १० जण, त्याच्या प्राथमिक अहवालातही वजन आयसिंगच्या मर्यादेपेक्षा सुमारे १,००० पाउंड जास्त असल्याचं आलंय. तीन वेगळ्या वेळा, वेगळे ऑपरेटर, आणि प्रत्येक वेळी वजनकाट्यावर आधीच दिसू शकणारी गोष्ट. फोरकास्टमध्ये बर्फ असेल तर लोडशीट तू स्वतः आयसिंगच्या आकड्याने तपास, दोनशे पाउंड जास्त निघाले तर खोके उतरव. कुणी म्हणेल "एवढ्याने काय फरक पडतो", त्याला म्हण की फरक नसता तर सेसनाने वेगळा आकडा छापला नसता.

आता हवेतलं. बूट म्हणजे पुढच्या कडेवरचं रबर, आतल्या नळ्यांत हवा भरली की फुगतं आणि बर्फ फुटून उडतो. पूर्वी शिकवायचे की पाव ते अर्धा इंच बर्फ धरू द्या, मग फुगवा, नाहीतर बूट बर्फाच्या आतल्या आत फुगत राहतो. जुन्या मोठ्या नळ्यांच्या बूटांसाठी ते होतं म्हणतात, आत्ताच्या बूटांना ते लागू नाही. १९९७ च्या ९ जानेवारीला मनरो, मिशिगनजवळ एम्ब्राएर १२० पडलं, २९ माणसं, पंखावर पातळ खरखरीत बर्फ आणि वेग कमी, त्यानंतर पहिला बर्फ दिसला की बूट चालू ही पद्धत रुळली. थोडा बर्फ उरतो, पुढच्या सायकलला निघतो. पण तुझं मॅन्युअल काय म्हणतं तेच शेवटचं. टीकेएस वाल्या कॅरव्हॅनमध्ये बूट नसतात, पंखाच्या कडेतल्या बारीक छिद्रांतून फ्लुइड पाझरतो, तिथे नियम वेगळा, ढगात शिरायच्या आधीच चालू करायचं आणि टाकीत किती फ्लुइड आहे याचा हिशोब इंधनासारखा ठेवायचा. (टीकेएस हे टेकालेमिट, किलफ्रॉस्ट आणि शीपब्रिज स्टोक्स या तीन कंपन्यांच्या नावांवरून आलंय, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली गोष्ट, सहज माहिती म्हणून.)

इंजिनसाठी ४ अंश किंवा खाली आणि दिसणारा ओलावा, म्हणजे ढग पाऊस धुकं काहीही, की इनर्शियल सेपरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेतून बर्फ वेगळा काढणारी यंत्रणा) बायपासला. थोडा टॉर्क (इंजिनचा जोर) जातो म्हणून काही जण टाळतात, टाळू नको. पिटो हीट, स्टॉल हीट, प्रॉप हीट ढगाच्या आधी. प्रॉप हीटचा अँपिअर मीटर बघायची सवय लाव, एका पात्याची हीट गेली तर बर्फ एकाच बाजूने उडतो आणि विमान असं थरथरतं की दात वाजतात. यातलं काहीही नादुरुस्त असेल तर एमईएल (काय बंद असताना उडता येतं त्याची यादी) वाच, बहुतेक वेळा त्याचा अर्थ "बर्फात जायचं नाही" असाच निघतो.

मग किती वेळ राहायचं? कॅरव्हॅनसाठी हे २००६ मध्ये आकड्यांत लिहून दिलं गेलं आणि माझ्या मते छोट्या विमानांसाठी लिहिलेला हा सगळ्यात उपयोगी कागद आहे. फ्लॅप वर असताना बर्फात किमान १२० नॉट्स. आणि यातलं कुठलंही एक झालं की तो मॉडरेट बर्फ समजायचा आणि बाहेर पडायचं: तेवढ्याच पॉवरवर क्रूझ वेग २० नॉट्सने पडला, वेग टिकवायला टॉर्क ४०० फूट-पाउंडने वाढवावा लागला, लेव्हल फ्लाइटमध्ये १२० टिकत नाहीत, किंवा पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्यावर पाव इंच बर्फ धरला. ही खूण दांड्यावर का, तर पंखाची वरची बाजू आणि शेपटी तुला कॉकपिटमधून दिसतच नाही, दांडा दिसतो. आणि पातळ वस्तूवर बर्फ आधी आणि जास्त धरतो, म्हणजे दांड्यावर जे आहे त्याहून शेपटीवर जास्त असू शकतं. नंतर वेग कमी झाला की इशारा देणारी यंत्रणा बसवायलाही सांगितलं. मी स्वतः २० नॉट्सची वाट बघत नाही, १० पडले की एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) बोलायला सुरुवात करतो, कारण परवानगी मिळून प्रत्यक्ष उंची बदलेपर्यंत उरलेले १० कधी गेले कळत नाही.

ऑटोपायलटचं वर आलंच, पण परत सांगतो, एनटीएसबीने कॅरव्हॅनसाठी २००६ मध्ये बर्फात हाताने उडवा अशीच शिफारस केली होती. ऑटोपायलट गुपचूप ट्रिम देत राहतो, वेग खात राहतो आणि जमेना की एकदम सोडून देतो, तोपर्यंत तुझ्या हाताला काहीच कळलेलं नसतं. व्हर्टिकल स्पीड मोडवर चढाई तर अजिबात नको, त्याला फक्त तो चढायचा दर दिसतो, वेग दिसत नाही.

बाहेर पडायचं कुठे? पुस्तकात असतं फ्रीझिंग रेन म्हणजे वर उबदार हवेचा थर आहे, वर चढा. हे पावसासाठी बऱ्यापैकी खरं. ड्रिझलचं मात्र तसं नाही, ते बरेचदा सगळा ढग शून्याखाली असतानाच बारीक थेंब एकमेकांत मिसळून तयार होतं, वर उबदार काही नसतंच, आणि भरलेली, बर्फ धरलेली कॅरव्हॅन चढणार किती! म्हणून निघायच्या आधी फ्रीझिंग लेव्हल कुठे, ढगाचा माथा कुठे, खाली शून्याच्या वर किती फूट हवा आहे आणि ती एमईएच्या (त्या रूटवरची किमान सुरक्षित उंची) वर आहे की खाली, हे कागदावर लिही. फ्रीझिंग लेव्हल जमिनीवर आणि माथा तुझ्या आवाक्याबाहेर असेल तर त्या रूटला बाहेर पडायचा रस्ता नाही, मग बूट असोत नसोत, जायचं नाही. १८० चं वळण हा रस्ता चालतो, पण पहिल्या दोन-तीन मिनिटांत घेतलं तर, अर्धा तास बर्फ गोळा केल्यावर घेतलं तर मागेही तोच अर्धा तास आहे. आणि सिव्हिअर बर्फ आला तर एटीसीला स्पष्ट शब्दांत सांग, गरज पडली तर इमर्जन्सी जाहीर कर, "जरा बर्फ धरतोय" असं पुटपुटलं तर तुला रांगेतच ठेवतील.

लँडिंगला बर्फ अंगावर असेल तर वेग जास्त, फ्लॅप मॅन्युअलमध्ये बर्फासाठी दिलेत त्याच्या पुढे नाहीत, पॉवर धावपट्टीपर्यंत ठेवायची, फ्लेअरला एकदम काढायची नाही. म्हणजे लांब धावपट्टी लागते, आणि अल्टरनेट निवडताना ही लांबी आधीच धरायची. २००९ च्या जानेवारीत लबकला फ्रीझिंग ड्रिझलमध्ये कार्गोचं एटीआर ४२ धावपट्टीच्या आधीच आदळलं, फ्लॅप एका बाजूला नीट आले नाहीत, त्यात लक्ष गुंतलं आणि वेग पडला. दोघेही वाचले. तिथे दोन पायलट होते, तू एकटा असणार, तेव्हा फायनलवर काहीतरी विचित्र झालं तर आधी वेग बघ, बिघाड नंतर. टेल स्टॉलचे (बर्फामुळे पंखाऐवजी शेपटी सोडून देते तो प्रकार) जुने व्हिडिओ बघून "नाक खाली गेलं की ओढा" असं डोक्यात बसवू नको. ज्या विमानांना तो धोका आहे त्यांच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं, बाकीच्यांमध्ये बर्फात वेग कमी होऊन पंखच आधी सोडतो आणि तिथे ओढणं म्हणजे उलटं औषध.

उतरल्यावर पायरेप (पायलटचा हवामान अहवाल) दे, उंची, तापमान, बर्फाचा प्रकार, विमानाचा प्रकार सगळं सांगून. जेटवाल्याला ट्रेस (नावापुरता) वाटलेला बर्फ तुझ्या मागून येणाऱ्या कॅरव्हॅनला मॉडरेट असू शकतो. आणि बर्फ वितळायच्या आत टॉर्च घेऊन शेपटीला एक चक्कर मार, हवेत असताना तिथे काय चाललं होतं ते बघायची ही एकच संधी असते. बूट फाटलाय का, पॅच निघालाय का, तेही तेव्हाच दिसतं, दिसलं तर लॉगमध्ये लिही, दुसऱ्या दिवशीच्या पायलटला तोंडी सांगून सोडू नको.